परसातली शेकोटी आणि पोपटीचा गोल: जागा, बांधणी, जळण आणि नियम

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. जागा श्रीवर्धन तालुक्यात, पाच गुंठ्यांची वाडी. पुढे कौलारू घर, मागे नारळ-सुपारी, दोन हापूस. मागच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) शेजाऱ्यांचा गोठा आणि गवताची उडवी (रचलेली गंजी). समुद्र पश्चिमेला, चालत सात-आठ मिनिटं. थंडीत शेकायला आणि अधूनमधून पोपटी (मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावायला मागच्या खळ्यात (अंगणात) पक्का गोल बांधायचा आहे. गवंड्याचा बेत असा: जांभ्या चिऱ्याचा गोल, आतून सिमेंटचा गिलावा, तळाला नदीतले गोटे. जागा दाखवलीय ती गडग्यापासून दहा फुटांवर, "वारा समुद्राचा, धूर मागे जाईल" म्हणून. हे बरोबर आहे का? आणि परवानगी कुणाची लागते?

जांभा_आणि_चुना
गवंड्याच्या बेतातल्या तिन्ही गोष्टी बदला.

जांभा सच्छिद्र असतो, चार महिने पाऊस पितो. ओला चिरा एकदम तापला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि कपचे उडतात. सिमेंटचा गिलावा तर पहिल्या दोन-तीन जाळांतच पोपडे धरून सुटतो. नदीचा गोटा सगळ्यात वाईट. बाहेरून गुळगुळीत, पण बारीक भेगांत पाणी मुरलेलं, आणि वाफेला वाट नाही. तो फुटतो तेव्हा तुकडा डोळ्याच्या उंचीवर येतो. काळ्या दगडाचा गोटा असला म्हणून सुटका नाही.

आगीला चिकटणारा थर फायर ब्रिकचाच (भट्टीच्या, उष्णता सोसणाऱ्या विटेचाच) हवा. वीट ९ x ४.५ x ३ इंचांची मिळते. आतला व्यास ३ फूट धरला तर लांब बाजू गोलाला लावून एका थराला बारा-तेरा विटा बसतात. चार थर म्हणजे एक फूट उंची. तुटफूट धरून ५५ विटा आणा. यातले दोन थर जमिनीत, दोन वर.

विटांच्या बाहेर दोन इंच मोकळी फट सोडून चिऱ्यांचा एकच थर लावा. दहा-अकरा चिरे पुरतात. फटीत कोरडी वाळू भरा. ही वाळू उष्णता अडवते, त्यामुळे चिरा फार तापत नाही, आणि विटा तापून फुगल्या तरी चिऱ्याला ढकलत नाहीत. विटांचे सांधे सिमेंटने भरू नका. चिकणमाती एक भाग आणि चाळलेली वाळू दोन भाग कालवून पातळ सांधा द्या. भेगा पडल्या तर दरवर्षी दिवाळीनंतर पुन्हा लिंपायचं, पाच मिनिटांचं काम.

तळ: दोन थरांच्या खोलीखाली आणखी सहा इंच खणून अर्ध्या-पाऊण इंची कोरडी खडी, तिच्यावर दोन इंच वाळू. तळाला काँक्रीट नको, पाणी तुंबतं. जमिनीवरच्या पहिल्या थरात तीन ठिकाणी दोन इंची काळ्या लोखंडी पाइपचे तुकडे आरपार बसवा, हवा खालून मिळाली की धूर कमी होतो. गॅल्वनाइज्ड पाइप नको, जस्ताचा धूर छातीला वाईट.

नुसतंच_वाचते
ट्रकची जुनी रिम किंवा वॉशिंग मशीनचा ड्रम ठेवतात लोक. ते चालतं का? बांधकामाचा खटाटोपच नको.

जांभा_आणि_चुना
ताई, चालतं. स्टेनलेसचा ड्रम उत्तम, भोकं असतातच. प्लॅस्टिकचा घेर आणि रबर काढून टाका. ट्रकची रिम पोलादी असावी, पहिला जाळ रंग जळून जाईपर्यंत माणसांपासून लांब करा. केमिकलचं पिंप कापून घेऊ नका, आत काय होतं ते कुणी सांगत नाही. भांडं जमिनीला टेकवायचं नाही. खाली विटांचे पाय आणि वाळूचा थर, नाहीतर खालची मुळं भाजतात. साधा पत्रा खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढत नाही. तीन मिलिमीटरच्या वर जाडी घ्या आणि पावसात आत ठेवा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, घर असेल आणि हातभर खणल्यावर पाणी लागत असेल तर खड्डा करूच नये, भांडंच बरं.

माडाखालचा
बांधणीपेक्षा जागा जास्त महत्त्वाची, आणि खाडीपलीकडे, तुमची जागा चुकलीय.

"वारा समुद्राचा" हे दुपारचं गणित आहे. दिवसा जमीन तापते, खारा वारा पश्चिमेकडून आत येतो. सूर्य मावळला की तो पडतो, मध्ये तास-दोन तास हवा जवळजवळ स्तब्ध. मग जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि मतलई सुटतो, पूर्वेकडून समुद्राकडे. शेकोटी पेटते सातला आणि विझते अकराला, म्हणजे एकाच बैठकीत वारा उलटा होतो. सातला ठिणग्या उडवीकडे, अकराला तुमच्याच कौलांकडे. म्हणून दोन्ही दिशांना मोकळीक लागते. थंडीत मतलई चांगला जाणवतो, आणि तोवर मंडळी पेंगुळलेली असतात.

मापं अशी ठेवा:

घर, गोठा, मांगर (वाडीतली खोपी), लाकडाची रास यांपासून २५ फूट. गवताच्या उडवीपासून ५० फूट, आणि ती वाऱ्याच्या रेषेत नको. गोलाभोवती सात फुटांपर्यंत पातेरा (वाळका पाला) झाडून उघडी माती. वर आकाश मोकळं हवं. माडाची झावळ वीस फुटांवर असली तरी लोंबणारं चुडत, म्हणजे वाळलेली झावळ, वातीसारखं पेटतं आणि जळतं चुडत खाली पडून लांब जातं. हंगामाआधी वाळकी चुडतं, पोया (फुलोऱ्याची वाळकी आवरणं) उतरवून घ्या. महावितरणची सर्व्हिस वायर वरून जात असेल तर तिथे शेकोटी नाहीच. सेप्टिक टँक आणि त्याचा व्हेंट पाइप यांच्याजवळ नाही.

आंब्यापासून निदान फांदीच्या टोकाबाहेर, त्यापलीकडे आणखी दहा फूट. मोहर डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमका शेकोटीच्या दिवसांत असतो. गरम झळ लागली की त्या बाजूचा मोहर करपतो.

वारा मोजायला यंत्र नको, पण माडाकडे बघू नका. माडाची पाती झुळकीलाही सळसळतात. आंब्याची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. तेव्हा पेटवू नये. जमिनीवरची धूळ उडत असेल तर पेटलेली विझवावी.

सागरगोटी
ते २५ फुटांचं माप कुठून आलं? आमच्याकडे खळंच तीस फुटांचं असतं.

माडाखालचा
अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत परसातल्या हौसेच्या आगीला हे अंतर आहे: इमारतीपासून २५ फूट, रास तीन फूट व्यासाची आणि दोन फूट उंचीची, त्याहून मोठी नको. मोठ्या होळीसारख्या आगीला ५० फूट. हलवता येण्याजोग्या भांड्यातल्या आगीला १५ फूट. हा आपला कायदा नाही, पण आकडे अनुभवातून आलेत आणि कौलाखाली वाशे-रिपा असलेल्या घराला ते जास्त नाहीत. जागा कमी असेल तर रास लहान करा. दीड फुटाच्या भांड्यात एका वेळी तीन लाकडं, झाकायला तारेची जाळी. अंतर आखडायचं तर आग आखडावी.

सरपण
जळणावर लिहितो, कारण कोकणात अर्धा घोळ तिथेच.

लाकूड वाळलेलं म्हणजे ओल २० टक्क्यांच्या आत. आपल्या दमट हवेत ते आपोआप होत नाही. मे महिन्यात फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचून, वरून झाकून पण बाजू उघड्या ठेवून पावसाळा काढला तर डिसेंबरला चांगलं मिळतं. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळली तर बुरशी येते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. टणटण आवाज आला तर वाळलं, धप्प आला तर नाही. ओल्या लाकडाचा धूर शेजाऱ्याकडे जातो आणि भांडण तिथून सुरू होतं.

आंबा, बाभूळ, सुरू चांगलं जळतात. सुरूची वाळकी पानं पेटवणाला उत्तम, पण मूठभरच, भसकन पेटतात. करवंटी कडक जाळ देते, एका वेळी दोन-तीन पुरेत. चुडत फक्त पेटवायला, आणि तुकडे करून. अख्खं चुडत घातलं की पाती जळत वर उडतात.

सोडणांबद्दल सावध. नारळाचं सोडण (वरचं तंतूंचं साल) आत निखारा धरून बसतं, बाहेरून काळंठिक्कर आणि थंड दिसतं, सकाळी वारा लागला की पुन्हा फुलतं. शेकोटीत घालू नयेच. त्याहून मोठा धोका माडाच्या बुंध्याभोवती खणलेल्या आळ्यांचा. माडाच्या आळ्यात सोडणं पुरलेली असतील आणि गोल त्याच्याजवळ असेल तर धग जमिनीखालून सोडणांना लागते. ती दिवसेंदिवस धुमसतात आणि दिसत नाही काही. आळ्याच्या कडेपासून सहा फूट तरी लांब राहा.

बांबू अख्खा टाकू नये, पेर फुटतं. उभा चिरून टाका.

हे जाळायचंच नाही: काजूची टरफलं (तेलाचा धूर डोळे-कातडी जाळतो), बिब्ब्याचं लाकूड, कण्हेर, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, जुन्या होडीचं लाकूड (बुडाच्या रंगात तांबं-शिसं असू शकतं), नायलॉनचं जाळं, थर्माकोलचे मासळीचे खोके. समुद्राने किनाऱ्याला लावलेलं लाकूड दिसायला सुंदर, पण मिठाने भरलेलं असतं. त्याच्या धुरात क्लोरिनची विषारी संयुगं तयार होतात, आणि त्यावर काही भाजून खाणं तर नकोच.

तिवर-चिपीचं लाकूड कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. कांदळवन तोडणं गुन्हा आहे.

रॉकेल, पेट्रोल बाटलीतून ओतणारे दरवर्षी भाजतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साठते आणि काडी लावताच अंगावर येते.

आणि एक. रचून ठेवलेल्या लाकडांत, चिऱ्यांच्या फटीत फुरसं (विषारी साप) बसतं. काठीने हलवल्याशिवाय हात घालू नये. संध्याकाळी बॅटरी घेऊनच.

वालाच्या_शेंगा
पोपटीला शेकोटीचाच गोल कशाला वापरता? दोन्हींची आग वेगळी. शेकोटीला मंद निखारा, पोपटीला चौफेर, थोडा वेळ आणि कडक जाळ.

मडक्यात तळाला भांबुर्डीचा (रानातल्या वासाच्या झुडपाचा) पाला दाबून भरा, मग वालाच्या शेंगा, ओवा, खडं मीठ, हवं तर मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, पुन्हा पाला तोंडाशी घट्ट. पाणी घालायचं नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलीवर शिजतं. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या, गोवऱ्या, पेंढा. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन लगेच उडालं तर झाली.

धोका पेंढ्याचा. पेटलेली काडी हलकी असते, मतलईवर सहज उडते. म्हणून आधी गोवऱ्या आणि काटक्यांचाच डोंगर करा, पेंढा ओंजळभर आणि तोही खाली. नवं मडकं आदल्या दिवशी पाण्याने ओलं केलेलं असलं तर हळू तापवा, नाहीतर तडा जातो आणि सगळं फुफाट्यात. काढताना सुती कपड्याचे हातमोजे, आणि मडकं आडवं करताना तोंड माणसांकडे नको. आतली वाफ भाजते.

कागदपत्र
नियमांवर. आपल्या खासगी अंगणात स्वच्छ लाकडाची लहान शेकोटी करायला वेगळा परवाना सहसा नसतो. अडचण येते ती चार बाजूंनी.

पहिली, कचरा. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई. शेकोटीत प्लॅस्टिक टाकलं की ती शेकोटी उरत नाही. पातेराही ढिगाने जाळू नका. त्याचं खत करा, माडाला लागतं.

दुसरी, निष्काळजीपणा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८७: आगीबाबत बेफिकिरीने वागून कुणाच्या जिवाला धोका केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्यांची उडवी पेटली तर नुकसानभरपाईचा दावा वेगळा.

तिसरी, वन. वाडी राखीव किंवा संरक्षित वनाच्या कडेला असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ ची कलमं २६ आणि ३३ पाहा. वनात आग लावणं किंवा जळती सोडणं गुन्हा आहे. फेब्रुवारीनंतर सडे (माथ्यावरची गवताळ पठारं) वाळतात, तेव्हा वनरक्षकाला आधी विचारलेलं बरं.

चौथी, किनारा. पक्कं बांधकाम भरतीरेषेच्या जवळ असेल तर २०१९ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना आड येऊ शकते. ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र दाट वस्तीत ५० मीटर, बाकी ठिकाणी २०० मीटर. तुमची वाडी सात-आठ मिनिटांवर म्हणजे बहुधा बाहेर, पण खाडीच्या अंगाने वेगळं मोजतात. नकाशा पाहून घ्या. भांडं ठेवायचं असेल तर हा प्रश्नच नाही. वाळूवर मात्र शेकोटी करू नका. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि पिल्लं उजेडाकडे वळतात.

शिवाय ग्रामपंचायतीचा काही ठराव आहे का, प्रांताधिकाऱ्यांचा तात्पुरता मनाई हुकूम आहे का, हे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारा. एक फोन.

सड्यावरचा
गावभर भाजावळ, म्हणजे भातरोपांची जमीन भाजणं, चालते फेब्रुवारीपासून. कवळं (तोडलेल्या पालेदार फांद्या), शेण, पातेरा, सगळं जळतं राबात. तेव्हा कुणी काही बोलत नाही. आणि अंगणातल्या मूठभर शेकोटीला एवढे नियम?

कागदपत्र
भाऊ, भाजावळ आणि शेकोटी एका तागडीत घालू नका. राब भाताच्या रोपासाठी, शेतात, ठरलेल्या वेळी आणि माणसं उभी ठेवून भाजला जातो. तिथेही कडेने जाळरेषा काढणं, सकाळी वारा उठायच्या आत संपवणं ही पद्धत आहेच. ती मोडली की काजूच्या बागा जातात, हे तुम्हाला मी काय सांगणार. शेकोटीत रात्र असते, गप्पा असतात आणि लक्ष नसतं.

सड्यावरचा
ते खरं.

पाण्याची_बादली
विझवण्यावर कुणी बोललं नाही अजून. पेटवण्याआधी तयारी: १५ लिटरच्या चार भरलेल्या बादल्या, बागेच्या नळाचा होज पोचतोय का ते ताणून बघणं, एक लांब दांड्याचं फावडं. गावात बंब यायला किती वेळ लागेल याचा अंदाज प्रत्येकाला आहे, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तुमचीच. आग १०१ किंवा ११२, जंगलाकडे सरकली तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

निघायच्या तासभर आधी लाकूड घालणं बंद. मग निखारे फावड्याने पसरा, दहा मिनिटं थांबा. पाणी कडेने, वाऱ्याच्या पाठीमागून, थोडं थोडं ओता. एकदम बादली ओतली की वाफ आणि राख तोंडावर येते आणि तापलेली वीट तडकते. मग ढवळा, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळा. सूं आवाज थांबला की हाताची मागची बाजू राखेवर वीतभर उंच धरा, मग जवळ न्या. ऊब लागली तर विझलेली नाही.

नुसतंच_वाचते
वरून माती लोटली तर? तसंच करतात सगळे.

पाण्याची_बादली
मातीने ज्वाळा दबते, निखारा नाही. उलट माती पांघरुणासारखी ऊब धरते. दुसऱ्या दिवशी पोरं अनवाणी त्यावर पाय देतात. पुळणीवर तर हे नेहमीचं: वाळू वरून गार, चार बोटं खाली लालभडक. पावडरचा अग्निशामक ज्वाळा मारतो पण गाभा थंड करत नाही, म्हणून शेकोटीला पाणीच.

राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा विटेवर, घरापासून लांब, दोन दिवस. प्लॅस्टिकच्या घमेल्यात नको. मग माडाच्या आळ्यात ओंजळ-दोन ओंजळ टाकायला हरकत नाही. आपली जांभी माती आम्लधर्मी, राखेने थोडी सौम्य होते. युरियाबरोबर मात्र एकत्र टाकू नका, नत्र उडून जातं.

आणि निखाऱ्यांची शेगडी उबेसाठी खोलीत नेऊ नये. दार लावलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही, झोप लागते ती लागते.

होमस्टे_मालवण
आमच्या धंद्यातल्यांसाठी दोन ओळी. पाहुणे पेटवतील तेव्हा आपला एक माणूस शेवटपर्यंत उभा हवा, दारू प्यायलेल्याच्या हातात काडी नको. स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम २००० चा भाग आहे, शेकोटीशी वेगळा संबंध नाही पण तक्रार एकत्रच येते. गॅसवरचं फायर पिट घेत असाल तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वापरू नका, व्यावसायिक १९ किलोचा लागतो. आणि ते खड्ड्यात बसवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खड्ड्यातच साठते. जमिनीवर, चारी बाजूंनी खाली झरोके असलेलं हवं.

पाहुण्यांत नायलॉनचे पातळ कुडते, मोकळ्या ओढण्या फार. ओढणी कमरेला बांधायला सांगायचं, वाईट वाटलं तरी. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. कापड चिकटलं असेल तर ओढायचं नाही, स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात. मोठं असेल तर १०८.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे आभार. आता बेत असा: गोल घर आणि गडगा यांच्या मधोमध, हापूसच्या दक्षिणेला, घरापासून २८ फूट, उडवीपासून मोजून ५४. फायर ब्रिक ५५, चिरे ११, तळाला खडी आणि वाळू. पोपटीसाठी वेगळी मोकळी जागा. दोन शंका उरल्या. पहिला जाळ कसा करायचा? आणि पावसात गोलाचं काय?

जांभा_आणि_चुना
मातीचा सांधा आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग तीन संध्याकाळी फक्त मूठभर काटक्या, अर्धा तास. तिसऱ्या दिवशी वाफ निघायची थांबली तर चौथ्या दिवशी पूर्ण जाळ. दर वर्षी पावसाळ्यानंतर हेच. पावसात पत्र्याचं झाकण, एका बाजूला उतार करून, आणि वर दोन चिरे, वाऱ्याने उडू नये म्हणून. झाकण नसेल तर आत पाणी साठून डास होतात.

माडाखालचा
हापूसच्या दक्षिणेला म्हणता, पण सुपारीच्या ओळी कुठे आहेत? सुपारीची वाळकी झापंही चुडतासारखीच पेटतात. ओळ पूर्व-पश्चिम जात असेल तर दोन्ही वाऱ्यांत ती सापडेल.

खाडीपलीकडे
ओळ उत्तर-दक्षिण, गोलापासून पश्चिमेला १९ फूट.

माडाखालचा
मग रात्रीचा मतलई सरळ तिच्यावर जाईल. गोल सहा फूट पूर्वेला सरकवा. उडवीचं अंतर ५० च्या खाली जात असेल तर शेजाऱ्यांना उडवी दुसऱ्या कोपऱ्यात रचायला सांगा. नवं गवत अजून यायचंय, आताच बोललात तर त्यांनाही सोपं.